ब्रेकवाल्याची म्हैस

या, असे जवळ सरका. त्या खांबाला टेकलेले पावणं, तुम्हीसुद्धा या. खांब काही तुमच्यावाचून पडायचा नाही. कीर्तनात पुढं बसणाऱ्याला देव जरा जास्त दिसतो, आणि कथेत पुढं बसणाऱ्याला गंमत आधी कळते. आज एका म्हशीची कथा सांगतो. तिच्यात शास्त्र आहे, शंकर आहे, आणि म्हैस म्हटल्यावर थोडं शेणही आहे. नाक मुरडू नका. ज्या दुधाचा चहा पिऊन तुम्ही इथं आलात, ते काही ढगातून पडलेलं नाही.

आमच्या मंगळवार पेठेत भरमाप्पा गवळी आणि त्यांच्या मालक अक्काताई राहतात. होय, मालकच. भरमाप्पांना विचारा, तेही हेच सांगतील, फक्त इकडं तिकडं बघून सांगतील. शिवभक्तांचं घर. कपाळाला विभूती लावल्याशिवाय चूल पेटत नाही. एके काळी त्यांच्या गोठ्यात म्हशींची रांग असायची. आता मैना तेवढी राहिली आहे. ती रेडकू असतानाच तिची आई गेली, तेव्हा अक्काताईंनी तिला मांडीवर डोकं घेऊन बाटलीनं दूध पाजलं. मांडी मावेनाशी झाली तरी मैनेला ते पटलेलं नाही. अजूनही अक्काताई गोठ्यात बसल्या की ती आपलं घमेल्याएवढं तोंड त्यांच्या मांडीत ठेवते, आणि अक्काताईंचं अर्धं अंग बधिर होतं. उठत मात्र नाहीत.

त्यांचा मुलगा मल्लेश, सून सुष्मिता. पोरगा गुणी, पण दुधात त्याचा जीव रमला नाही. त्यानं कोपऱ्यावर फटफटीच्या ब्रेक-टायरचं दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं, ‘दाबताक्षणी जागेवर’. पेठेतल्या निम्म्या गाड्या त्याच्या भरवशावर उतारानं जातात.

आता बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही कोल्हापूरकर म्हशी सजवून पळवतो. शिंगं रंगवायची, पाठीवर नक्षी काढायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. मग मालक फटफटीवर पुढं, आणि म्हैस मागं. दावं नाही, वेसण नाही. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज तिला बरोबर कळतो, त्या आवाजामागं ती सुटते. दोन्ही बाजूंना माणूस दाटलेलं असतं, शिट्ट्या, हलगी, धुरळा. ज्यानं हे पाहिलं नाही त्यानं म्हैस पाहिली, पण म्हशीचा सण पाहिला नाही.

मल्लेशला दूध नको होतं, पण पाडवा हवा होता. कारण उघड आहे. तो भरधाव चौकात यायचा आणि ऐन गर्दीपुढं कचकन ब्रेक दाबायचा. टायर किंचाळायचं, धूर निघायचा, गाडी जागेवर. याहून मोठी जाहिरात कुठली? पण मैनेच्या पायाला ब्रेक कुणी बसवला होता? ती त्याला ओलांडून चार ढांगा पुढं जायची आणि मग विचार करायची. लोक हसून सोडून द्यायचे.

गेल्या वर्षी मात्र चौकाच्या तोंडाशी अल्लाउद्दीनचाचांनी उरलेल्या आकाशकंदिलांचा गाडा लावला होता. मल्लेश थांबला. मैना थांबली नाही. ती गाड्यात शिरली ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, तेव्हा तिच्या एका शिंगावर चांदणी होती आणि दुसऱ्यावर कमळ. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ही महादेवाची कृपा. चाचा भला माणूस. अक्काताईंना म्हणाले, “भाभी, माझ्या मालाची अशी मिरवणूक आजवर निघाली न्हवती!”

पण तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. खाली दोनच शब्द लिहिले, ‘ब्रेक फेल’. रात्रीच्या आत ते गावभर फिरलं. दुसऱ्या दिवसापासून लोक पेठेत येऊन विचारायला लागले, “ते ब्रेक फेलचं दुकान कुठं हाय वो?” ज्यानं ‘दाबताक्षणी जागेवर’ अशी पाटी लावली त्याच्या काळजाला हे किती झोंबलं असेल, तुम्हीच विचार करा.

औंदा दसरा झाला आणि मल्लेशनं आईपुढं विषय काढला. त्या घरात आईला अव्वा म्हणतात.

“अव्वा, ऐक. औंदा मैना माझ्यामागं थांबली न्हाय, तर भाऊबीजेला तिला गडमुडशिंगीला सोडणार. सुष्मिताच्या माहेरी मोकळं रान हाय. पळू दे कुठं पळायचं तिकडं.”

“मग पळवूच नको की पाडव्याला.”

“आणि पोरं म्हणतील, मल्लेश भ्याला! त्यापरास दुकान बंद करतो.”

“ती गेल्यावर मी कुणाशी बोलू?”

“अप्पा हाईत की.”

अक्काताईंनी भरमाप्पांकडं पाहिलं. भरमाप्पा पेपर वाचत होते आणि मान हलवत होते, बहुधा पेपरलाच. अक्काताई म्हणाल्या, “ह्यांच्यापरास म्हैस जास्त उत्तर देती.”

एवढं बोलून त्या गोठ्यात गेल्या. माझं घर समोरच. बऱ्याच वेळानं पाहिलं तर बाई मैनेच्या मानेवर हात टाकून बसल्या होत्या, आणि नेहमी तोंड चालणारी ती बाई गप्प होती. तेव्हा मला कळलं, हे प्रकरण हसण्यावारी न्यायचं नाही. म्हणजे, हसायचं, पण नंतर.

त्याच आठवड्यात आमच्या महादेवाच्या देवळात कुरुंदवाडच्या कृष्णातबुवांचं कीर्तन होतं. बुवा दिवसा शाळेत विज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी कीर्तन करतात, आणि खरं सांगू, कुठलं कुठं संपतं ते त्यांचं त्यांना कळत नाही. म्हणून तर गोड वाटतं. मी टाळकऱ्यांत उभा होतो. अक्काताई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत होत्या.

बुवांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, “मंडळी, एका साहेबानं चालण्या-थांबण्याचे नियम शोधले. शोधले म्हणजे काय, केलेले महादेवानं, सापडले त्याला! पहिला नियम आपल्या जिवासारखा. पडला की पडून राहतो, निघाला की थांबत नाही. उठवायला कुणीतरी लागतं, आवरायलाही कुणीतरी लागतं. सकाळी बायको अंथरूण ओढते, तो पहिला नियम!”

सभामंडप हसला. बुवा पुढं म्हणाले, “दुसरा काय सांगतो? ओझं जितकं जास्त, तितकं हलवायला जड आणि थांबवायलाही जड. आणि तिसरा, तुम्ही भिंतीला जेवढं ढकलाल, तेवढंच भिंत तुम्हाला ढकलेल. जगाला शिव्या द्या, शिव्या येतील. नमस्कार करून बघा!”

मग त्यांनी ‘हर हर महादेव’चा गजर धरला. मंडळी, गजर चढत गेला, पखवाज धावायला लागला, पेटी धावायला लागली, माझे डोळे आपोआप मिटले. आणि सगळं ऐन टिपेला पोचलं असताना बुवांनी एकदम हात वर केला. थांबा!

पखवाज थांबला. पेटी उसासा टाकून थांबली. टाळ मात्र कुणाचे दोन ठोके पुढं गेले, कुणाचे तीन. सगळ्यात शेवटी, त्या सुन्न शांततेत, एकच टाळ वाजत राहिला. तो माझा होता. डोळे मिटलेले, मला काय कळणार! डोळे उघडले तो सगळं देऊळ माझ्याकडं बघून हसतंय.

“तात्या, रागवू नका,” बुवा म्हणाले. “तुमच्यात भाव जास्त, म्हणून थांबायला वेळ लागतो. चूक तुमची नाही, चूक माझी. धावत्याला एकदम अडवू नये. आता बघा.”

त्यांनी पुन्हा गजर धरला, पुन्हा टिपेला नेला. पण या वेळी हात वर केला नाही. आवाज थोडा उतरवला, लय थोडी सैल केली, आणखी थोडी, आणखी थोडी, आणि शेवटचा ‘महादेव’ ओठांवर ठेवून दिला, बाळ पाळण्यात ठेवावं तसा. साऱ्यांचे टाळ एकाच क्षणी गप्प. समईची वात चुरचुरलेली ऐकू आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी टाळाच्या दोरीनं पुसलं.

अक्काताईंच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं, चमक होती. प्रसाद घेताना त्यांनी बुवांना गाठलं. “बुवा, हे म्हशीला लागू हाय का?”

“माउली, देवाचा नियम. त्याला माणूस काय आणि म्हैस काय?”

“बास झालं,” असं म्हणून बाई प्रसाद पदरात बांधून चालत्या झाल्या.

घरी जाऊन त्यांनी मल्लेशला सांगितलं, “लेका, चौकात कचकन थांबू नको. लांबनंच हळूहळू दम काढ गाडीचा. मैना आपोआप थांबंल.”

मल्लेश जेवता जेवता थांबला. “हळू थांबू? मी? माझं ब्रेकचं दुकान हाय अव्वा! हळूच थांबायचं तर ब्रेक कशाला पायजे, चप्पल घासली तरी पुरती की!”

“अरं पण शास्त्रात...”

“शास्त्र बुवांच्या सायकलीला. माझ्या गाडीला डिस्क ब्रेक हाय.”

समजुतीनं जमेना, तेव्हा अक्काताईंनी दुसरा नियम हाती घेतला. ओझं कमी तर थांबवायला सोपं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मैनेची पेंड अर्धी केली. बाईंच्या जिवाला ते किती जड गेलं, मी पाहिलं. पेंडीची पाटी खाली ठेवून त्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या. पण मैना काही बारीक होईना. उलट पाठ जास्तच चमकायला लागली. अक्काताई बुचकळ्यात पडल्या. शेवटी एका दुपारी त्या दाराआड लपून बसल्या. आधी सून सुष्मिता आली, इकडं तिकडं बघत उरलेल्या भाकऱ्या मैनेपुढं टाकून गेली. मग भरमाप्पा आले, धोतराच्या सोग्यातून गुळाचा खडा काढला आणि म्हणाले, “खा बाई, त्या कैदाशिणीला सांगू नगं.” आणि त्यानंतर, मंडळी, साक्षात मल्लेश आला! हातात पेंडीचं घमेलं. “अव्वाला काय झालंय कुणाला ठाऊक,” असं मैनेलाच म्हणाला आणि घमेलं रिकामं करून गेला.

मीही सकाळी एखादं केळ देत होतो, पण ते कशाला सांगा.

अक्काताई दाराआडून हसत बाहेर आल्या. पोराला म्हशीचा लळा आहे, एवढं तर कळलं. पण लळा वेगळा आणि हट्ट वेगळा. पाडवा चार पावलांवर आला होता, आणि म्हैस आधीपेक्षा जड झाली होती.

पाडव्याची सकाळ उजाडली. मैनेची शिंगं लाल-पिवळी, पाठीवर बेलाची पानं रंगवलेली, गळ्यात कवड्या. अशी दिसत होती की नंदीनंसुद्धा मान वळवावी. मल्लेशनं गाडी काढली, किक मारली, गाडी फुरफुरली. मैना कान टवकारून उभी. आणि तेवढ्यात अक्काताई आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर खोचलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे. कुणाला काही कळायच्या आत त्या मल्लेशच्या मागं गाडीवर बसल्या. आणि बसल्या त्या उलट्या! पाठीला पाठ लावून, तोंड मैनेकडं, मागच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून.

“अव्वा, उतर!”

“न्हाय.”

“लोक हसाय लागल्यात!”

“हसू देत. सणच हाय.”

“पण उलटी का बसलीस?”

“माझी म्हैस मागं हाय. पुढं काय बघू, तुझं मानगूट?”

भरमाप्पा ओरडले, “अगं ए, पडशील!”

“पडले तर तुमच्या अंगावर न्हाय पडत, लांब सरका!”

पेठेतल्या पोरांनी शिट्ट्या घातल्या. मल्लेशचे कान लाल झाले. मग अक्काताई जरा मागं रेलल्या आणि त्याच्या कानाजवळ, पण सगळ्या पेठेला ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या, “आता ध्यान देऊन ऐक. चौकात तू कचकन ब्रेक दाबलास की गाडी थांबंल. मैना थांबायची न्हाय. आणि मधी कोण हाय?”

ब्रेकवाल्याच्या तोंडालाच ब्रेक लागला. पोरं मागून ओरडत होती, “सोड की भावा, सोड!” माघार घ्यावी तर लाज, आणि आईला उतरवावी तर ती उतरेल का? त्यानं गाडी सोडली.

आम्ही टाळकरी देवळातलं भजन आटपून कृष्णातबुवांबरोबर चौकात येऊन उभे होतो. अल्लाउद्दीनचाचांचा गाडा औंदाही त्याच जागी होता. लांबून फटफटीचा आवाज आला आणि चाचांनी कंदिलांभोवती दोन्ही हात पसरले, कोंबडी पिलांवर पंख पसरते तसे. मग धुरळ्यातून मल्लेश दिसला, त्याच्यामागं उधळलेला पदर, आणि पदरामागं ती मैना! काय तिची धाव, काय त्या कवड्यांचा खळखळाट! अक्काताई उलट्या बसून तिच्या डोळ्यांत डोळे घालून ओरडत होत्या, “हर हर महादेव! ये माझी बाय! हर हर महादेव!”

मी मल्लेशचा हात बघत होतो. बोटं ब्रेकवर गेली. वर्षानुवर्षांची सवय, गर्दी समोर, जागा तीच. आणि मग बोटं अलगद उचलली गेली. त्यानं गाडीचा दम थोडा काढला. मग आणखी थोडा. मागं आई आणि आईमागं म्हैस. एवढं ओझं मागं असलेला माणूस हळूच थांबतो.

आणि अक्काताईंना पाठीमागून ते कळलं असावं. त्यांनी गजराची लय उतरवली. “हर हर... महादेव. हर हर... महादेव.” बुवांनी माझ्याकडं पाहिलं, मी टाळ उचलले. सगळ्या टाळकऱ्यांनी उचलले. चौकात, त्या धुरळ्यात, आम्ही तो गजर हातात घेतला आणि सैल करत नेला. मैनेची उधळ दुडक्या चालीवर आली, दुडकी चाल पावलांवर आली. गाडी थांबली. मैना आणखी दोन पावलं चालली आणि तिनं आपलं घमेल्याएवढं तोंड अक्काताईंच्या मांडीत ठेवलं.

माझे टाळही वेळेवर थांबले, हे नमूद करतो.

मग अल्लाउद्दीनचाचांनी दोन्ही हात वर केले. “ब्रेक पास! मल्लेशभाई, ब्रेक पास!” आणि चौक नुसता फुटला. हलगी वाजली, गुलाल उधळला गेला. मल्लेशचा चेहरा आनंदानं असा फुलला, की तो मागं कोण बसलंय हेच विसरला. त्याला वाटलं, गाडी जरा बाजूला घ्यावी. त्यानं हसत हसत गिअर टाकला आणि क्लच सोडला, तो नेहमीसारखा, कचकन.

गाडी पुढं गेली. अक्काताई गेल्या नाहीत.

त्या होत्या तिथंच राहिल्या, फक्त खालची गाडी नाहीशी झाली. बुवा माझ्या कानात पुटपुटले, “पडलं ते पडून राहतं, तात्या,” आणि स्वतःचीच जीभ चावली. पण बाई पडल्या नाहीत. समोर मैनेची मान होती, त्यांनी तिला गच्च मिठी मारली. मंडळी, एवढा गोंगाट, अंगावर एकदम आलेलं ओझं, कुठलीही म्हैस उधळली असती. मैना जागची हलली नाही. पाय रोवून भिंतीगत उभी राहिली, आणि कान तेवढे मागं केले, अक्काताईंना लागू नयेत म्हणून.

मल्लेशनं गाडी तशीच आडवी टाकली आणि धावत आला. “अव्वा! लागलं का गं?”

अक्काताई मानेला लोंबकळत होत्या, पदर सुटलेला, डोक्यावर कवड्यांची माळ येऊन बसलेली. तशातच म्हणाल्या, “तुझी गाडी मला सोडून गेली. ही न्हाय गेली. आता बोल, भाऊबीजेला कोण चाललंय गडमुडशिंगीला?”

मल्लेशनं आईला धरून उभी केली. मग मैनेच्या कपाळावरचा गुलाल तळहातानं पुसला आणि तिथंच हात ठेवून उभा राहिला. “कुणी न्हाय,” म्हणाला. “कुणीच न्हाय. हितंच ऱ्हाऊ दे.”

“जोरात बोल. ह्यांनापण ऐकू जाऊ दे.”

“हितंच ऱ्हाईल!” मल्लेश ओरडला, आणि गर्दीच्या मागून भरमाप्पा म्हणाले, “मला ऐकू आलं, मला ऐकू आलं!”

घरी जाताना कुणीच फटफटीवर बसलं नाही. पुढं मैना डुलत चालली होती, तिच्या मानेवर हात टाकून अक्काताई, आणि मागं ‘दाबताक्षणी जागेवर’चे मालक गाडी ढकलत. गाडी बंद पडली होती. ती हलवायला त्याला केवढा जोर लागत होता! बुवांनी आणि मी जरा हातभार लावला. शास्त्र आहे ते, एकट्यानं कशाला सिद्ध करायचं?

तर मंडळी, एवढी ही कथा. आता माझं एकच मागणं आहे. कधी बसमध्ये उभे असाल, ड्रायव्हरनं एकदम गाडी सोडली आणि तुम्ही मागच्या पावण्याच्या मांडीत जाऊन बसलात, तर चिडू नका, कंडक्टरला काही बोलू नका. सावकाश उठा, पावण्याला नमस्कार करा, आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या अक्काताईंची आठवण काढा.